चालू सर्व्हरवर फाइल सिस्टीम वाढवताना

लातूरमध्ये सर्व्हर सांभाळण्याचे काम करायचे म्हटले की त्यात क्लासेसचे सर्व्हर आलेच. बारावी आणि ‘नीट’च्या तयारीसाठी नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडची मुले इथे खोल्या घेऊन राहतात. ज्या क्लासेसचे काम माझ्याकडे आहे, त्यांच्याकडे वर्गातल्या प्रत्येक तासाचे चित्रण होते आणि ते संध्याकाळी मुलांना पाहता यावे म्हणून तिथल्याच सर्व्हरवर ठेवले जाते. सेकंदाला दीड मेगाबिट हा काटकसरीचा दर धरला तरी एका तासाचे चित्रण सुमारे ६७५ मेगाबाइट भरते. दिवसाला सहा तास आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले, तर महिन्याकाठी शंभर गिगाबाइटांच्या आसपास जागा केवळ चित्रणासाठी लागते. पाचशे गिगाबाइटांची डिस्क दिवाळीपर्यंत भरणार हे जूनमध्येच दिसत असते. तरीही ती भरण्याची तक्रार ऐन परीक्षेच्या तोंडावर येते आणि त्या वेळी सर्व्हर बंद ठेवायला कोणीही तयार नसते. म्हणून फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची व्यवस्था) माउंट असताना, म्हणजे ती फोल्डराला जोडलेली आणि मुले चित्रण पाहत असतानाच, ती मोठी कशी करायची, याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे.

आभासी यंत्राची (खऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरने चालवलेल्या संगणकाची) डिस्क वाढवणे हे यातले सर्वांत सोपे काम आहे. व्यवस्थापनाच्या पानावर जाऊन आकडा बदलायचा असतो आणि ते काम क्लासमधला संगणक पाहणारा मुलगाही करतो. त्यानंतर त्याचा फोन येतो, “सर, डिस्क तर वाढवली की, मग जागा का दिसंना?” त्याचा प्रश्न रास्त आहे. शेजारच्या शेताचा तुकडा विकत घेतला म्हणून तो आपोआप आपल्या सातबाऱ्यावर येत नाही, आणि सातबाऱ्यावर आला तरी मधला बांध काढून नांगर घालेपर्यंत तिथे काही उगवत नाही. डिस्कचेही तसेच आहे. डिस्क मोठी झाल्याचे आधी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कळावे लागते, मग पार्टिशनच्या (डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या) तक्त्यातील शेवटचा सेक्टर (डिस्क मोजायचा लहान तुकडा) बदलावा लागतो, मध्ये एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून वाटणारी व्यवस्था) असेल तर त्याचे दोन थर वाढवावे लागतात आणि सरतेशेवटी फाइल सिस्टीमला नव्या जागेची नोंद घ्यावी लागते. यातला कोणताही थर आपल्या वरच्या थराला आपण होऊन काही सांगत नाही. सांगण्याचे काम आपल्याला, खालून वर, याच क्रमाने करावे लागते.

मात्र त्याआधी जागा खरोखरच कमी पडली आहे का, हे पाहणे आवश्यक आहे, आणि माझ्या अनुभवात बराच वेळ याच तपासणीत जातो व तो जायलाही हवा. ‘डीएफ’ ही कमांड डिस्क भरल्याचे सांगते, पण ‘डीयू’ने फोल्डरांची बेरीज केली तर ती बरीच कमी भरते, असे अनेकदा आढळते. याचे एक कारण म्हणजे पुसलेली, पण कोणत्यातरी प्रोग्रामने उघडी धरून ठेवलेली फाइल. लिनक्समध्ये फाइलचे नाव पुसले तरी तिला धरून बसलेली प्रक्रिया संपेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही. ‘एलएसओएफ’ या कमांडला अधिक चिन्ह, मोठे एल आणि १ असा पर्याय दिला की अशा फाइलींची यादी मिळते, आणि पुष्कळदा एखादी सेवा नुसती पुन्हा सुरू केल्याने काही गिगाबाइट परत मिळतात. कधी जागा शिल्लक असते पण आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीची नोंद ठेवायचे रकाने, संपलेले असतात. चित्रणाच्या मोठ्या फाइलींमुळे असे सहसा होत नाही. मात्र ज्या सर्व्हरवर लाखो लहान फाइली साठतात, उदाहरणार्थ उत्तरपत्रिकांच्या पानांची चित्रे, तिथे होऊ शकते, आणि ते ‘डीएफ’ला छोटा आय हा पर्याय दिल्यावर दिसते.

‘डीएफ’ आणि ‘डीयू’च्या आकड्यांतील फरकाचे दुसरे कारण आपल्या भागात अधिक आढळते, म्हणून ते जरा खुलासेवार सांगतो. वीज जाते, इन्व्हर्टर थकतो, सर्व्हर बंद पडतो. वीज परत आल्यावर सर्व्हर सुरू होतो, पण चित्रणाची वेगळी डिस्क सुरू व्हायला उशीर करते. ‘एफएसटॅब’मध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत, त्या डिस्कपुढे ‘नोफेल’ हा पर्याय लिहिलेला असेल तर सर्व्हर तिच्याशिवायच पुढे जातो, आणि चित्रण करणारा प्रोग्राम नेहमीच्याच फोल्डरात फाइली लिहू लागतो. त्या फोल्डरावर डिस्क माउंट नसल्यामुळे या सगळ्या फाइली मुळात रूट पार्टिशनवर, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य सिस्टीमच्या भागावर, जाऊन पडतात. नंतर कोणीतरी डिस्क माउंट करतो आणि त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. जागा व्यापलेली असते, पण फाइली कुठेच दिसत नाहीत. अशा वेळी रूट पार्टिशन दुसऱ्या एखाद्या रिकाम्या फोल्डरावर बाइंड माउंट करून (तोच भाग आणखी एका जागी जोडून) पाहिले की आत लपलेला ऐवज सापडतो. हे पुन्हा होऊ नये म्हणून डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरावर ‘सीएचअ‍ॅटर’ने अधिक आय हा गुणधर्म लावून ठेवावा. मग डिस्क नसेल तेव्हा तिथे लिहिताच येत नाही, प्रोग्राम तक्रार करतो आणि आपल्याला वेळेवर कळते.

जागा खरीच संपली आहे अशी खात्री झाली की ‘एलएसबीएलके’ ही कमांड चालवून तिने दिलेले चित्र शांतपणे वाचावे. डिस्क एक टेराबाइटची आणि तिच्याखालचे पार्टिशन पाचशे गिगाबाइटांचे दिसले, तर कर्नलला नवा आकार कळला आहे असे समजावे. डिस्कच जुन्या आकाराची दिसत असेल तर कर्नलला पुन्हा पाहायला सांगावे लागते. केव्हीएम या आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरील व्हर्टआयओ प्रकारच्या डिस्कचा आकार बदलला की आतल्या आभासी यंत्राला ते बहुधा आपोआप समजते. स्कझी पद्धतीच्या डिस्कसाठी मात्र ‘सिस’ या फोल्डरातील त्या डिस्कच्या ‘रीस्कॅन’ नावाच्या फाइलीत १ हा आकडा लिहावा लागतो. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यानेही हेच साधते, पण तो सुरू ठेवायचा म्हणूनच तर हा सगळा खटाटोप आहे.

बॅकअपबद्दल दोनच गोष्टी सांगतो. ‘एसएफडिस्क’ला छोटा डी हा पर्याय देऊन पार्टिशनचा तक्ता एका मजकूर फाइलीत उतरवावा आणि ती फाइल त्या सर्व्हरवर न ठेवता आपल्या लॅपटॉपवर घ्यावी. जेमतेम दहा ओळींची ही फाइल पार्टिशनच्या कामात काही बिनसले तर सगळा डाव सावरते. दुसरी गोष्ट म्हणजे आभासी यंत्राचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची टिपून ठेवलेली अवस्था) हा बॅकअप धरून चालू नये. व्हीएमवेअरमध्ये तर स्नॅपशॉट अस्तित्वात असेपर्यंत डिस्क मोठीच करता येत नाही, त्यामुळे क्रम आधी खरी प्रत, मग स्नॅपशॉट काढून टाकणे आणि त्यानंतर वाढ असा ठेवावा लागतो.

पार्टिशन वाढवण्यासाठी ‘ग्रोपार्ट’ ही कमांड मला सर्वांत भरवशाची वाटते. तिला डिस्कचे नाव आणि पार्टिशनचा क्रमांक वेगवेगळे द्यायचे असतात, म्हणजे ‘व्हीडीए’ लिहून मध्ये मोकळी जागा सोडून १. सवयीने ‘व्हीडीए१’ असे जोडून लिहिले की ती चूक दाखवते आणि नवखा माणूस तिथेच अडतो. जीपीटी या आजच्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्याची एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. डिस्क वाढली की तो ‘शेवट’ आता मध्येच कुठेतरी येतो आणि ‘पार्टेड’ उघडले की ते या विसंगतीची तक्रार करते. ती दुरुस्त करायला घाबरू नये. ‘एसजीडिस्क’ला छोटा ई हा पर्याय दिला तरी तेच काम होते. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर २ टेराबाइटांच्या थोडे पुढे गेल्यावर रस्ता संपतो, कारण तिथे सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात आणि ५१२ बाइटांच्या सेक्टरने गुणले की तेवढाच हिशोब होतो.

माउंट असलेले पार्टिशन बदलले की कर्नल नवा तक्ता वाचायला नकार देतो आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावाच लागतो, असे जुने लोक सांगतात. त्यांच्या काळात ते खरेच होते. २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.६ पासून वापरात असलेल्या पार्टिशनचा नुसता आकार बदलण्याची सोय कर्नलमध्ये आली आणि ‘ग्रोपार्ट’, ‘पार्टएक्स’ यांसारखी साधने तिचाच उपयोग करतात. ‘एफडिस्क’ वापरून पार्टिशन पुसायचे आणि पुन्हा तयार करायचे, ही जुनी पद्धत अजूनही चालते. तिच्यात डेटा पुसला जात नाही, फक्त तक्त्यातील ओळ बदलते. मात्र नवे पार्टिशन आधीच्याच सेक्टरपासून सुरू झाले पाहिजे. आजकाल पहिले पार्टिशन बहुधा २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होते, पण जुन्या डिस्कवर ते ६३ पासून असते आणि ‘एफडिस्क’ न विचारता २०४८ सुचवते. तो आकडा तसाच मान्य केला तर फाइल सिस्टीमचा माथाच सापडत नाही. नवे पार्टिशन तयार होताना ‘इथे ईएक्सटी४ची खूण आहे, ती काढू का’ असा प्रश्न येतो (ईएक्सटी४ ही लिनक्समधली नेहमीची फाइल सिस्टीम), त्याला ‘नाही’ असेच उत्तर द्यायचे असते.

पार्टिशन फक्त त्याच्या उजव्या बाजूला लागून मोकळी जागा असेल तरच वाढते, आणि नेमकी हीच अट बऱ्याच सर्व्हरवर आडवी येते. डेबियनच्या जुन्या मांडणीत पहिले पार्टिशन रूटचे, त्यानंतर एक विस्तारित पार्टिशन आणि त्याच्या पोटात पाचव्या क्रमांकाचे स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असते. नवी जागा स्वॅपच्या पलीकडे, रूट अलीकडे. इथे आधी ‘स्वॅपऑफ’ करून स्वॅप बंद करावे, ती दोन्ही पार्टिशने काढून टाकावीत, रूट वाढवावे आणि स्वॅप हवेच असेल तर ते नंतर साध्या फाइलीत करावे. सर्व्हरच्या मेमरीवर आधीच ताण असेल तर ‘स्वॅपऑफ’च्या वेळी तो वाढतो, म्हणून हे काम दुपारी, मुले वर्गात असताना केलेले बरे. ‘एफएसटॅब’मधील स्वॅपची जुनी ओळ काढायची राहिली, तर पुढच्या वेळी सर्व्हर सुरू होताना सिस्टिमडी (सगळ्या सेवा सुरू करणारी व्यवस्था) त्या नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट पाहत बसते आणि क्लासवाल्यांना वाटते की सर्व्हर अडकला.

या सगळ्या कटकटीमुळे आभासी यंत्रावरील डेटाच्या डिस्कवर मी पार्टिशन करतच नाही. फाइल सिस्टीम थेट डिस्कवर बनवतो. काही जणांना हे अशुद्ध वाटते, आणि अशी डिस्क कोरीच आहे असे समजून उद्या कोणी तिच्यावर पार्टिशन करील, ही त्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण वाढवण्याच्या कामातली एक आख्खी पायरी, आणि तीही सर्वांत जोखमीची, यामुळे गळून पडते.

आता फाइल सिस्टीम. ईएक्सटी४ असेल तर ‘रीसाइझ टूएफएस’ या कमांडला पार्टिशनचे नाव द्यायचे आणि आकार लिहायचाच नाही. मग ती मिळेल तेवढी सगळी जागा घेते. शेकडो गिगाबाइटांची वाढ काही क्षणांत होते, हे पाहून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. ईएक्सटी४ आपली जागा गटागटांनी सांभाळते. ब्लॉक ४ किलोबाइटांचा असेल तर कोणता ब्लॉक भरलेला आणि कोणता रिकामा याची नोंदही एका ब्लॉकमध्येच मावावी लागते. ४०९६ बाइटांत ३२,७६८ बिट असतात, म्हणून एका गटात तेवढेच ब्लॉक, अर्थात १२८ मेगाबाइट. फाइल सिस्टीम वाढवणे म्हणजे शेवटच्या गटापुढे असेच आणखी गट मांडत जाणे आणि त्यांची वर्णने मुख्य यादीत लिहिणे. जुन्या फाइलींना हातही लागत नाही, त्यामुळे त्या वेळी कोणी चित्रण पाहत असेल तर त्याला काही जाणवत नाही. प्रत्येक नव्या गटाबरोबर नवे आयनोडही येतात, म्हणजे आयनोड संपल्याची तक्रार असेल तर तीही डिस्क वाढवल्याने हलकी होते. ही सगळी नोंद जर्नलमधून, म्हणजे बदल आधी टिपून ठेवण्याच्या वहीतून, जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी फाइल सिस्टीम पूर्वीच्या किंवा थोड्या वाढलेल्या अवस्थेत सुसंगत राहते. असे असले तरी यूपीएसची बॅटरी पाहूनच सुरुवात करावी, आणि दूरवरून जोडलेले असाल तर टर्मिनल ‘टीमक्स’मध्ये उघडावे, म्हणजे इंटरनेट तुटले तरी कमांड तुटत नाही.

एक्सएफएसची तऱ्हा निराळी आहे. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९० च्या दशकात घडवलेली ही फाइल सिस्टीम २०१४ साली आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ पासून तिथली नेहमीची निवड झाली, आणि सेंटओएसमार्गे ती आपल्याकडच्या पुष्कळ सर्व्हरवर आली. ‘एक्सएफएस ग्रोएफएस’ला पार्टिशनऐवजी माउंट केलेल्या फोल्डराचे नाव द्यायचे, कारण ती माउंट असतानाच वाढते, बंद अवस्थेत वाढतच नाही. तिच्यातही जागेचे मोठे गट असतात, सुरुवातीला बहुधा चार, आणि वाढवताना त्याच आकाराचे नवे गट जोडले जातात. त्यामुळे २० गिगाबाइटांच्या तयार प्रतिमेतून (आधीच सिस्टीम बसवलेल्या डिस्कच्या नकलेतून) निघालेली एक्सएफएस थेट दोन टेराबाइटांपर्यंत ताणली तर पाच-पाच गिगाबाइटांचे चारशे गट होतात. चालते, पण चांगले चालत नाही. इतकी वाढ करायची असेल तर नव्या डिस्कवर नवी फाइल सिस्टीम बनवून फाइली हलवणे मला जास्त पटते.

एलव्हीएम असेल तर ‘पीव्ही रीसाइझ’ने खालचा थर वाढवायचा आणि ‘एलव्ही एक्स्टेंड’ला छोटा आर हा पर्याय द्यायचा, म्हणजे ती लॉजिकल व्हॉल्यूम (एलव्हीएमने वाटून दिलेला भाग) आणि त्यावरची फाइल सिस्टीम दोन्ही एका दमात वाढवते. इथे मात्र माझे आणि बहुतेक लेखांचे जमत नाही. त्यांत मोकळ्या जागेचे शंभर टक्के देऊन टाकण्याचा नमुना असतो, आणि लोक तो जसाच्या तसा उतरवून घेतात. वाढ चालू सर्व्हरवर, कोणाच्या नकळत, मिनिटभरात होत असेल, तर ती एकदम करण्याची घाई कशासाठी? उलट दिशेचा रस्ता तितका सोपा नाही. ईएक्सटी४ लहान करायची तर ती अनमाउंट करावी लागते, तपासावी लागते आणि तासन्‌तास थांबावे लागते. एक्सएफएस तर व्यवहारात लहान होतच नाही. माउंट असताना दोन्ही बाजूंना हलणारी बीटीआरएफएस आहे, पण तिचे स्वतःचे इतके नियम आहेत की केवळ या एका सोयीसाठी मी ती क्लासच्या सर्व्हरवर घालणार नाही. भाड्याच्या क्लाउडवर तर डिस्क मोठी करता येते, लहान करता येत नाही आणि बिल घेतलेल्या आकाराचे येते, भरलेल्या आकाराचे नाही. म्हणून पाचशे गिगाबाइट नवे मिळाले तर मी त्यातले दोनशे चित्रणाला देतो आणि उरलेले व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे एलव्हीएमच्या सामायिक साठ्यात, मोकळे ठेवतो. उद्या डेटाबेसचे पार्टिशन फुगले तर तिकडे वळवायला ते हाताशी असते, आणि बॅकअपच्या वेळी घ्यायच्या स्नॅपशॉटलाही तिथेच जागा लागते. क्लासच्या संचालकांना हे पटवणे जरा जड जाते. पैसे मोजून घेतलेली जागा रिकामी का ठेवली, असे ते विचारतात, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही विचारले असते.

वाढ झाल्यावर ‘डीएफ’चा आकडा अपेक्षेपेक्षा कमी दिसतो, त्याचीही विचारणा होते. एक टेराबाइटची डिस्क तिथे ९३१ गिगाबाइटांच्या आसपास दिसते, कारण विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि ही कमांड १०२४ च्या. त्याशिवाय ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. रूट पार्टिशनवर ते योग्यच आहे, कारण डिस्क काठोकाठ भरली तरी आत शिरून सफाई करता येते. नुसते चित्रण ठेवलेल्या एक टेराबाइटच्या फाइल सिस्टीमवर मात्र जवळपास पन्नास गिगाबाइट, म्हणजे पंधरवड्याचे तास, विनाकारण अडकून पडतात. ‘ट्यून टूएफएस’ला छोटा एम आणि १ दिला की हे प्रमाण एक टक्क्यावर येते, आणि हेही माउंट असतानाच होते. पुष्कळदा मी हे वाढीच्या आधीच करतो. पुढचे काही दिवस तेवढ्यावर निघतात आणि नवी डिस्क कोणती घ्यायची ते ठरवायला सवड मिळते.

शेवटी कर्नलच्या नोंदी ‘डीमेसेज’मध्ये पाहाव्यात, फाइल सिस्टीम इतक्या ब्लॉकांवरून इतक्यांवर गेली, असे ईएक्सटी४ तिथे स्पष्ट लिहून ठेवते. त्यानंतर रात्रीची प्रत जिथे जाते ती बाहेरची डिस्क पाहायची, कारण तिकडे लक्ष देण्याचे बहुतेकदा राहून जाते. सर्व्हरवरची जागा दुप्पट झाली आणि बॅकअपची डिस्क होती तेवढीच राहिली, तर दोन-तीन महिन्यांत प्रत अर्धवट होऊ लागते आणि तिची चूक दाखवणारी मेल कोणी उघडत नाही. नवी डिस्क मागवताना दोन मागवाव्यात, असे मी क्लासवाल्यांना कोटेशनमध्येच लिहून देतो.